दोन दोरांचं विमान

एरंडेल म्हटलं की माझ्या वयाच्या माणसांना नाक दाबून घशाखाली उतरवलेला चमचा आणि त्यानंतरची परसाकडची धावपळ आठवते. मला विमान आठवतं. माझे वडील, आम्ही त्यांना पपा म्हणायचो, विमानांची छोटी इंजिनं चालवायचे. खेळण्यातली इंजिनं असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. मुठीत मावेल एवढं ते इंजिन एका जातीच्या स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळून त्यावर चालायचं, आणि चाललं की त्यातून निळसर धूर आणि तेलाचे बारीक थेंब उडायचे. ते थेंब खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, क्रुसाच्या पायरीवर बसायचे, दोरीवरच्या कपड्यांवर बसायचे, सुपात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर बसायचे. बाजारातल्या दुकानदाराने एकदा पपांना चारचौघांत विचारलं, "इनास, महिन्याक दोन बाटले एरंडेल! घरात कोणाचा पोट एवढा खराब आसा? डागदराक तरी दाखव." पपा नुसते हसले आणि मान डोलावून निघून आले. दुकानदाराने काय विचारलं ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं, हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं.

पपा वीस वर्षं जहाजांवर फिटर होते. जहाजाच्या पोटातली ती मशीनची खोली मी कधी पाहिली नाही, पण तिथला आवाज ते आमच्या घरी घेऊन आले होते, म्हणजे त्यांच्या कानांत. ते कायमचे घरी आले तेव्हा "आता पुरे झाली समुद्राची चाकरी" एवढंच त्यांनी सांगितलं. गोव्याच्या बंदरावर उतरून एसटीने येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर त्यांचं सामान उघडलं गेलं, आणि शिपायाला ट्रंकेत एक मोठी बाटली सापडली. गोव्याहून येणाऱ्याच्या ट्रंकेत बाटली म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. त्याने बूच काढून मनापासून वास घेतला, आणि एरंडेलाच्या दर्पाने तोंड एवढंसं करून बाटली परत दिली. ही गोष्ट पपा दर नाताळात, नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, तळल्या जात असताना सांगायचे आणि शिपायाचा चेहरा करून दाखवायचे. गोष्ट सांगण्यात पपांचा हात धरणारा कोणी नव्हता. मात्र गोष्ट सांगणारा माणूस दुसऱ्याचं ऐकत का नाही, असा प्रश्न गावाला पडू लागला होता. रस्त्यात कोणी हाक मारली तर ओ नाही, कोणी काही विचारलं तर नुसतं हसू. "इनास बोटीवरसून इलो नि शिष्ट झालो," असं लोक म्हणू लागले. मला त्या शब्दाचा फार राग यायचा. पपांना मात्र तो शब्द चालत होता. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेतलेलं त्यांना बरं वाटत होतं.

घरी आल्यावर वर्षाभराने त्यांनी जेवणाच्या टेबलावर विमान बांधायला घेतलं आणि आम्ही सगळे जमिनीवर पानं मांडून जेवू लागलो. या आधी त्यांनी एका इंजिनाची तीन-चार विमानं केली होती, आणि त्यांतलं एक दांडी किनाऱ्यावरच्या माडात अजून अडकलेलं असेल. हे विमान दोन इंजिनांचं होतं. कुठल्याशा बेटावर असं खरं विमान त्यांनी उडताना पाहिलं होतं, आणि दोन्ही पंखांवर एकेक पंखा फिरत असलेलं ते विमान वळलं तेव्हा "मिसातल्या पाद्रीसारखा दोन्ही हात पसरून वळला" असं ते सांगायचे. परदेशातून आणलेलं हलकं लाकूड पुरलं नाही म्हणून पोटाच्या फळ्या त्यांनी पांगाऱ्याच्या कापल्या. पंखांवर चढवायला रेशमी कापड हवं होतं. ते कुठून आणायचं याची चर्चा पंधरा दिवस चालली, आणि एका सकाळी मांयने, म्हणजे माझ्या आईने, पेटीतून आपला लग्नातला पांढरा झगा काढून टेबलावर आणून ठेवला. गेले सहा महिने तिने त्या टेबलावरून पपांना बोलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. "माका आता तो काय करूचो आसा?" ती म्हणाली. "पण विमान पडला, तर माजा लगीन मोडला म्हणान समजा." एवढं बोलून ती भात वेळायला आत गेली. पपांनी त्या दिवशी कापडाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी हात साबणाने तीनदा धुऊन मगच कात्री घेतली. माझ्या आईइतकी फटकळ आणि माझ्या आईइतकी दिलदार बाई मी अजून पाहिलेली नाही. यातला पहिला गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे, दुसऱ्याबद्दल मी काही बोलत नाही.

आता इंजिनांचं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेली चार इंजिनं होती. दोन मोठी, साडेसहा सीसीची, चकचकीत, डोक्यावर लाल रंग. त्यांतलं एक पपांनी नवंकोरं घेतलं होतं, दुसरं त्याच कंपनीचं पण बरंच वापरलेलं. उरलेली दोन लहान, चार सीसीची, राखाडी, दिसायला अगदी गरीब. ती एका सोबत्याने बोट सोडताना पपांना दिली होती. त्याने दोन्ही एकाच वेळी घेतली आणि एकाच वेळी, सारखी चालवली होती. विमानावर कुठली जोडी बसवायची हा पपांपुढे प्रश्नच नव्हता. लाल जोडीच. त्यामागे त्यांचा विचार पक्का होता. "एका इंजिनाचा काय, कधीय बंद पडता," ते म्हणायचे. "पण दुसऱ्यात दम आसलो, तर त्याच्यार घराक येतला. आमच्या बोटीची एक मशीन बंद पडली व्हती, तरी दुसऱ्या मशिनीर तीन दिवसांनी बंदराक लागलोच ना आमी?" हे ऐकून मला फार धीर वाटायचा. वीस वर्षं बोटीच्या पोटात काढलेल्या माणसाचं ते बोलणं होतं, आणि बोटीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरंही होतं. चूक एवढीच होती की विमान म्हणजे बोट नव्हे. ही चूक बोटीवरचा माणूसच करू जाणे.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहायला हवेत, कारण आता ती पाहायला मिळणंही कठीण झालं आहे. पहाटे होडी जाळं सोडत समुद्रात मोठा अर्धगोल फिरून येते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोन लांब दोर किनाऱ्यावर येतात, आणि एकमेकांपासून दूर उभ्या राहिलेल्या दोन टोळ्या ते दोर ओढत, हळूहळू जवळ सरकत, जाळं वाळूवर आणतात. दोराला हात लावेल त्याला वाट्याची मासळी मिळते, मग तो कुठल्याही धर्माचा, कुठल्याही वाड्यावरचा असो. पपा घरी आल्यापासून रोज जायचे आणि सुट्टीच्या दिवशी मला न्यायचे. आमच्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, होते धाकूकाका. हाडं नि शिरा एवढाच माणूस, अंगावर लंगोटी आणि डोक्याला रुमाल. ते दोराला हात लावत नसत. दोन टोळ्यांच्या मधोमध पाण्यात गुडघाभर उभे राहून ते नुसते हात हलवायचे, कारण लाटांच्या आवाजात त्या टोकापर्यंत शब्द पोचत नाही. उजवा हात वर म्हणजे उजवीकडच्यांनी ओढायचं, डावा वर म्हणजे डावीकडच्यांनी, दोन्ही वर म्हणजे सगळ्यांनी. आणि तळवे उघडून दोन्ही हात एकदम खाली टाकले की सोडा, दोर सैल. पपांना रापण एवढी का आवडायची, ते मला आज लख्ख कळतं. अख्ख्या गावात ती एकच जागा होती, जिथे कोणालाच ऐकू येत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी आले की रापणीला जोर चढायचा. त्या वर्षी असेच आठ-दहा दांडगे तरुण आले आणि सगळे मिळून एकाच दोराला लागले. फोटो काढायला बरं म्हणून. त्यांनी असा काही दोर ओढला की जाळ्याचं तोंड फिरलं आणि आत आलेले बांगडे दुसऱ्या अंगाने चमकत निघून गेले. आम्ही नुसते बघत राहिलो. धाकूकाका पाण्यातून बाहेर आले. "ताकद कोणी मागली रे तुमच्याकडे?" ते म्हणाले. "ताकद दर्याकडे काय कमी आसा? माका जोड व्हयी, जोड! हंय चार बैल नि थंय चार बैल, तर मगे रापण." मग त्यांनी त्या तरुणांना वाटून दोन्हीकडे लावलं, आणि एका दणकट पोराच्या समोरच्या बाजूला त्याच्याएवढाच दणकट म्हणून पपांना उभं केलं. पपा त्या दिवशी बांगडे कमी मिळूनही खूष होते. दुपारी तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिकलं आणि उकड्या तांदळाची पेज झाली. मांयने बांगडे मोजून सहाच का म्हणून विचारलं, आणि पपांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली.

दुसरा प्रसंग त्यानंतर आठवड्याभराचा. डावीकडचा दोर पाण्याखालच्या खडकात अडकला आणि ती टोळी जागच्या जागी थांबली. उजवीकडच्यांना वाटलं, आता आपणच जोर करायला हवा. त्यात पपाही होते. त्याच क्षणी धाकूकाकांचे दोन्ही हात तळवे उघडून खाली आले, आणि उजवीकडचा दोर सैल पडला. मला ते उलटंच वाटलं. जाळं वाळूवर आल्यावर, सौंदाळ्यांचा ढीग पडलेला असताना, मी त्यांना विचारलं की एक बाजू थांबली तर दुसरीने जास्त ओढायला नको का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मासे झाडाला लागतात का म्हणून विचारलं. "एक दोर अडाकलो की दुसऱ्यान जोर काढूचो नाय, बाय. जोर काढलो की जाळा फिरता. एक थांबलो, तर दुसरो सैल. मगे काय ता सावकाश बघूया." मी ते ऐकून घेतलं आणि विसरले. शाळेत मला विज्ञानात चांगले मार्क होते आणि लंगोटीतला माणूस मला बळाचं गणित शिकवतो आहे, हे ओळखण्याइतकी अक्कल नव्हती.

पावसाळा सरल्यावर इंजिनं तपासायला पपांनी खळ्यातल्या माडाच्या बुंध्याला एक जाड फळी ठोकली आणि लाल जोडी शेजारी शेजारी तिच्यावर आवळली. मी चर्चच्या गायनात दुसरा सूर गायची, त्यामुळे दोन आवाज एकमेकांशी जुळले की नाही, हे मला पटकन कळायचं. दोन सूर अगदी थोडे वेगळे असले की त्यांच्यामधून एक तिसरीच लाट ऐकू येते, वंव, वंव, वंव, आणि जुळत गेले की ती लाट लांबत जाऊन नाहीशी होते. लाल जोडीत ती लाट जाता जाईना. पपा इंजिनाची सुई फिरवायचे, म्हणजे तेल कमीजास्त करणारा बारीक स्क्रू, आणि म्हणायचे, "आता बरा आसा." बरं काही नसायचं. त्यातलं वापरलेलं इंजिन मधेच ठेचकाळत होतं, दहा ठोक्यांत एखादा चुकत होता. मी सांगणार एवढ्यात माझं लक्ष पपांकडे गेलं. ते इंजिनाकडे बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी भुवई उचलली की सुई फिरवत होते, मी हसले की थांबत होते. आणि डाव्या हाताचं एक बोट त्यांनी फळीवर टेकवून ठेवलं होतं, डॉक्टर नाडी बघतो तसं. त्या बोटाने ते इंजिन ऐकत होते.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. दुकानदार, रस्त्यातल्या हाका, मान डोलावणं, शिष्ट, सगळं एका क्षणात एकमेकांना जोडलं गेलं. मी पुन्हा भुवई उचलली आणि त्यांना सुई फिरवू दिली. बोलले असते तर त्यांची दोन वर्षांची मेहनत वाया गेली असती. विमानावर एक वर्ष आणि हे लपवण्यावर दोन. आता माझ्याही एका कानात यंत्र आहे आणि मी ते कोणालाही काढून दाखवते, पण मला ते सोपं जातं याचं कारण पपा आहेत. त्या दिवशी मात्र मला राग, माया आणि कौतुक सगळं एकदमच आलं. ऐकू न येणारा माणूस बोटाच्या टोकाने इंजिन चालवत होता. असा कारागीर मी पुढे तीस वर्षं तंत्रशाळेत डिझेलचा वर्ग घेताना एकही पाहिला नाही.

मग आम्ही राखाडी जोडी फळीवर चढवली. दोन्ही इंजिनं सुरू झाली, थोडा वेळ वंव वंव केलं, पपांनी एका सुईला केसभर पीळ दिला, आणि लाट विरून गेली. दोन इंजिनं होती आणि आवाज एक होता. मला धाकूकाकांचं बोलणं तेव्हा कुठे आठवलं. मी इंजिनं बंद झाल्यावर, पपांच्या समोर उभी राहून, तोंड नीट हलवत म्हटलं, "पपा, हीच जोडी घाला. ताकद नको. जोड व्हयी."

पपांना ते लागलं. लाल इंजिन त्यांचा जीव की प्राण होतं. "लहान इंजिन एकट्यान काय करतला? एक बंद पडला तर दुसऱ्यान वडूक नको?" ते म्हणाले. मी म्हटलं, ओढलं की फिरेल, रापणीच्या जाळ्यासारखं. ते म्हणाले, मी वीस वर्षं मशीन बघितली आहे, तू किती? मी म्हटलं, बोटीला खाली पाणी धरून असतं, विमानाला काय आहे? यावर त्यांनी फडकं घेतलं आणि लाल इंजिन पुसायला बसले. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. घरात मांय एकटीच सगळ्यांच्या वाटचं बोलत होती.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर खळ्यातल्या फणसाच्या फांदीला विमान टांगलेलं. रापणीचा एक जुना दोर धाकूकाकांकडून मागून आणून पपांनी ते बरोबर मध्यावर, कावडीसारखं तोलून बांधलं होतं. उजव्या पंखावर लाल इंजिन, आणि डाव्या पंखावर तेवढ्याच वजनाचा दगड. "बघूया कोण खरा," एवढंच ते म्हणाले. त्यांनी इंजिन सुरू करून पूर्ण उघडलं आणि उडी मारून मागे सरले. विमान गरागरा फिरलं. दोराला पीळ बसत बसत नऊ फेरे झाले, मांयच्या झग्याचे ते पंख पांढऱ्या चक्रासारखे दिसू लागले, आणि मांय दारातून ओरडली, "माजा लगीन!" इंजिन बंद करून, पीळ उलगडून, त्यांनी राखाडी इंजिन चढवलं. ते चार फेरे फिरलं आणि दोराच्या पिळाने थांबलं, तिथेच थरथरत उभं राहिलं. पपांनी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षांचं ज्ञान असं एका फांदीखाली बदलायचं म्हणजे काय असतं, ते मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. चिडचिड नाही, खजील होणं नाही. ते खूष झाले होते. "खरा गो तुजा," ते म्हणाले. "दम जास्ती, तर फिरणा जास्ती. जोडच घालूया." लाल इंजिन त्यांनी पुन्हा फडक्यात गुंडाळलं, डब्यात ठेवलं आणि डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून लावलं. माणसाने चूक कबूल करावी तर अशी, स्वतःच ती फांदीला टांगून.

उडवायचा दिवस ओहोटी बघून ठरवला. रापण आटोपली होती, वाळू ओली आणि टणक होती, आणि टोपल्या भरता भरता सगळी रापणकर मंडळी थांबली होती. मांय छत्री घेऊन आली होती. विमान दुरून चालवायचा रेडिओचा डबा पपांच्या गळ्यात होता. ते मला म्हणाले, "तू माज्या बाजूक रव. वारो बघ." वाऱ्याचं त्यांना मला विचारायची गरज नव्हती. मी काय बघायचं आणि काय ऐकायचं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते दोघांनीही म्हटलं नव्हतं.

विमान वाळूवरून धावलं, चाकांनी दोन सरळ रेघा ओढल्या आणि उचललं गेलं. आयुष्यात मी सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत, पण समुद्रावर पांढरे पंख पसरून वळलेलं ते विमान सगळ्यांत वर आहे. दोन्ही इंजिनांचा एकच आवाज किनाऱ्यावरून फिरत होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दिशेला जाऊन ते परत आलं. पोरीबाळी ओरडत होत्या, धाकूकाकांनी रुमाल काढून हातात घेतला होता. पपांचं तोंड उघडं राहिलं होतं. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला, विमान पाण्यावर असताना, आवाज अर्धा झाला.

उजवं इंजिन थांबलं होतं. मला ते त्याच क्षणी ऐकू आलं. पपांना नाही. त्यांना डोळ्यांनी एवढंच दिसलं की विमान मंदावतंय आणि जरा उजवीकडे ढळतंय. मी ओरडले, "पपा, उजवा बंद पडला!" ते माझ्या शेजारी होते आणि त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. वीस वर्षं मशीनचे फेरे उतरले की जो हात आपोआप पुढे जात होता, तोच हात पुढे गेला. अंगठ्याने त्यांनी सगळा दम दिला. उरलेलं डावं इंजिन किंचाळलं, विमानाने उजवीकडे गिरकी घ्यायला सुरुवात केली आणि उजवा पंख खाली गेला. फणसाखाली पाहिलेलं सगळं त्यांना माहीत होतं, पण त्या क्षणी माणूस डोक्याने नाही, हाताने वागतो.

मी पळाले. त्यांच्या समोर, पाण्यात, विमान आणि त्यांचे डोळे यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले, आणि दोन्ही हात वर नेऊन, तळवे उघडून, एकदम खाली टाकले.

सोडा.

त्यांचा अंगठा मागे आला. ही खूण त्या हाताने शेकडो वेळा पाळली होती, आणि तिथे विचार करायला वेळ लागत नाही. डावं इंजिन शांत झालं. विमानाची गिरकी थांबली, पंख सावकाश सरळ झाले, आणि ते काही आवाज न करता, नाक जरा खाली घालून, वाळूच्या दिशेने येत राहिलं. मी वळून बघितलं तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेलं. उथळ पाण्यात त्याने दोनदा पाणी उडवलं आणि ओल्या वाळूवर नाक टेकून उभं राहिलं. एका पंख्याचं पातं मोडलं, बस. उजव्या इंजिनाच्या तेलाच्या नळीत नंतर वाळूचा एक कण सापडला.

सगळे धावले. मांयने छत्री टाकली आणि पंखांवरून हात फिरवून कुठे फाटलंय का ते बघू लागली. "पडला?" तिने पपांना विचारलं. तिचा प्रश्न पपांना तिच्या तोंडावर वाचता आला. "नाय," ते म्हणाले, "उतारला." ती विमानाकडे वळून रेशमावरची वाळू पदराने झटकू लागली, आणि झटकताना तिचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

पपा गुडघ्यावर बसून चाकं चाचपत होते. धाकूकाका त्यांच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "इनास, खयचा इंजिन बंद पडला रे?" त्यांनी विचारलं. पपांनी वळून पाहिलं नाही. धाकूकाकांनी पुन्हा विचारलं. गर्दीतून कोणीतरी, फार हळू नव्हे, म्हणालं, "शिष्ट तो शिष्टच." माझे कान तापले. मी पुढे होणार होते, तेवढ्यात पपांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखलं, आणि उभे राहून मागे वळले. समोर धाकूकाका, आणि त्यांच्या मागे तीस-चाळीस माणसं. पपांनी मान डोलवायला सुरुवात केली. मग ती मध्येच थांबवली.

"माका आयकूक येणा नाय, धाकू," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलले, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल एवढ्याने. "दोन वर्सां झाली. हिका विचार."

धाकूकाकांनी रुमाल पुन्हा डोक्याला बांधला, पपांच्या खांद्यावर एकदा हात ठेवला, आणि माझ्याकडे वळून तोच प्रश्न मला विचारला, मोठ्या माणसाला विचारावा तसा.

"उजवा," मी म्हटलं. आणि मग पपांकडे तोंड करून, पुन्हा एकदा, मोठ्याने.